'पिऊन आला' आणि 'नशेत होता': एकाच वाक्यातले दोन आरोप

'तो पिऊन आलाय' असे आपण म्हणतो तेव्हा त्याने दारू घेतली आहे आणि तो भानावर नाही, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच दमात सांगून टाकतो. बोलण्यात हे खपते. आरोपपत्रात खपत नाही, कारण पहिली गोष्ट सेवनाची आहे आणि दुसरी अमलाची, आणि दोन्हींचे पुरावे निराळे आहेत.

महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात हा भेद स्पष्ट आहे. सेवनाचा गुन्हा कलम ६६ मध्ये येतो, तर सार्वजनिक ठिकाणी नशेत आढळणे आणि गैरवर्तन करणे हे कलम ८५ मध्ये. रक्तातील अल्कोहोल ०.०५ टक्के किंवा त्याहून अधिक आढळले, तर घेतलेले द्रव्य औषधी किंवा तत्सम वैध होते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. १९७१ साली महाराष्ट्रातील एका मोटार अपघाताच्या खटल्यात तोंडाला येणारा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे, एवढे सगळे डॉक्टरांनी नोंदवलेले असूनही सर्वोच्च न्यायालयाने ते पुरेसे मानले नाही. रक्त तपासणीला पाठवले होते, पण त्याचा अहवाल न्यायालयासमोर आलाच नाही. शिवाय वास येत असला तरी माणूस दारूच्या अमलाखाली असेलच असे नाही, हे डॉक्टरांनी उलटतपासणीत मान्य केले होते.

तो फौजदारी खटला होता. कारखान्यातील खातेनिहाय चौकशीला इतका कडक पुरावा लागत नाही. तेथे शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहिले जाते. म्हणूनच व्यवस्थापन अनेकदा निर्धास्त असते, आणि नेमके तेथेच फसते. मुंबईच्या नमुना स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातील शिस्तीच्या नमुना नियमांत, गैरवर्तन म्हणून आवारातील 'मद्यधुंद' अवस्था सांगितली आहे, म्हणजे अंमल. रात्री घरी प्यायलेल्या आणि सकाळच्या पाळीला वेळेवर, नीट चालत आलेल्या कामगाराला गेटवरच्या सुरक्षारक्षकाने केवळ वासावरून अडवले, तर सेवनाचा पुरावा हाती येतो, पण आरोप मात्र अमलाचा लावलेला असतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात १९७१ साली आलेल्या कलम ११-अ ने बडतर्फीची शिक्षा अवाजवी वाटल्यास ती बदलण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला दिला होता, आणि अशी विसंगती कामगाराच्या बाजूने दाखवता येते. सेवनच नको असेल तर धोरणात तसे सरळ लिहावे, हे माझ्या मते अधिक प्रामाणिक आहे.

विमान वाहतुकीत ते तसेच लिहिलेले आहे. उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य आणि श्वास तपासणीत शून्यच अपेक्षित; वैमानिक धडधाकट दिसत होता, हा बचाव तेथे गैरलागू ठरतो. मोटार वाहन कायदा मात्र १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत सूट देतो.

श्वास तपासणाऱ्या यंत्राचाही या वादात वाटा असतो. माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषध नुकतेच घेतले असेल, तर तोंडातील अंश काही मिनिटे आकडा फुगवतो, म्हणून सुमारे पंधरा मिनिटांनी दुसरी तपासणी घेणे आवश्यक असते. उलट, शरीर ताशी १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅम अल्कोहोल जिरवत असल्याने अपघातानंतर चार तासांनी केलेल्या तपासणीत अंमल होता की नव्हता, हे नुसत्या त्या आकड्यावरून ठरवता येत नाही.

गांजाच्या बाबतीत तर लघवीची तपासणी अमलाबद्दल काहीच सांगत नाही. ती नशा आणणारे द्रव्य शोधत नाही, तर ते जिरल्यावर उरणारा अवशेष शोधते. मूळ द्रव्य चरबीत साठून हळूहळू बाहेर पडत असल्याने नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत हा अवशेष काही आठवडेही सापडू शकतो. त्यामुळे 'पॉझिटिव्ह' आलेला कर्मचारी त्या दिवशी पूर्ण शुद्धीत असणे शक्य आहे, आणि शुद्धीत असल्याचे साक्षीदार आणूनही त्याचा सेवनाचा आरोप मिटत नाही. जानेवारी २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी सुरू झालेल्या अमली पदार्थ तपासणीत प्राथमिक चाचणी संशयास्पद आली की त्या व्यक्तीला कामावरून बाजूला केले जाते, पण पुढील कारवाई प्रयोगशाळेच्या खात्रीच्या चाचणीनंतरच होते. झोपेच्या काही गोळ्या या तपासणीतील बेंझोडायझेपिन गटातच मोडतात, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी असल्यास ती नमुना देण्याआधीच दाखवून नोंदवून घ्यावी; निकाल आल्यावर काढलेल्या चिठ्ठीकडे चौकशी अधिकारी संशयानेच पाहतो.