पोलंडची मुले: ते भटकणारे जहाज नव्हतेच

सर्व देशांनी नाकारलेले पोलिश अनाथ मुलांचे जहाज मुंबईतूनही परतवले गेले आणि मग जामनगरचे महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी ते आपल्या किनाऱ्यावर उतरवून घेतले, ही समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरणारी गोष्ट खरी नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाने पोलंडमधून केलेल्या हद्दपारीत आईवडील गमावलेली, उपासमारीने खंगलेली ही मुले १९४२ मध्ये सोव्हिएत तुर्कमेनिस्तानातील अश्गाबातहून मालमोटारींनी, इराणमधील मशहदमार्गे क्वेट्ट्याच्या दिशेने, खुश्कीच्या वाटेने भारतात आली. दिग्विजयसिंहजींनी जामनगरजवळच्या बालाचडीत त्यांच्यासाठी छावणी उभारली, हे मात्र निर्विवाद आहे. पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथेही सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांश स्त्रिया आणि मुले, १९४८ पर्यंत राहिले; या दीर्घ सांभाळाची आठवण त्या कल्पित जहाजामागे झाकली जाते, याचे अधिक वाईट वाटते.