अर्धी कबुली

जानेवारी १९०६. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बॉइसीचा तुरुंग. एका कैद्याला काही दिवस मुद्दाम एकटं ठेवलेलं आहे. जेवण बेताचं, बोलायला कुणी नाही, पहारा मात्र अष्टौप्रहर. मग एके दिवशी त्याला बाहेर बोलावतात. टेबलावर भरगच्च जेवण, वर उंची सिगार, आणि समोर साठीच्या घरातला, चष्मा आणि भरघोस मिशा असलेला एक गृहस्थ. तो दम देत नाही, हात उगारत नाही. गोष्टी सांगतो.

गृहस्थाचं नाव जेम्स मॅकपार्लंड, पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीचा डेन्व्हरमधला वरिष्ठ अधिकारी. कैद्याचं नाव हॅरी ऑर्चर्ड, निदान त्या वेळी तरी. त्याने आयुष्यात बरीच नावं वापरली होती.

तीनेक आठवड्यांपूर्वी, ३० डिसेंबर १९०५ च्या संध्याकाळी, आयडाहोचे माजी गव्हर्नर फ्रँक स्टूनेनबर्ग कॉल्डवेल गावातल्या आपल्या घराचं फाटक उघडत असताना तिथे लावलेला बाँब फुटला आणि त्यात ते गेले. गावातल्या सॅराटोगा हॉटेलात टॉमस होगन नावाने एक पाहुणा उतरला होता. आपण मेंढ्या खरेदी करायला आलोय, असं तो सांगत असे. त्याच्या खोलीत प्लास्टर ऑफ पॅरिस, स्फोटक द्रव्याचे अंश आणि मासेमारीची दोरी सापडली. तसलीच दोरी फाटकापाशीही होती. हा होगन म्हणजेच ऑर्चर्ड.

बाँब कुणी लावला, हे कोडं असं दोन-चार दिवसांतच सुटत आलं. पण मॅकपार्लंडला ते नकोच होतं. त्याला हवं होतं, ऑर्चर्डला पाठवलं कुणी. १८९९ मध्ये आयडाहोतल्याच कूर द'अलेनच्या खाणकामगारांविरुद्ध स्टूनेनबर्ग यांनी लष्कर बोलावलं होतं, म्हणून संशय खाणकामगारांच्या संघटनेवर, वेस्टर्न फेडरेशन ऑफ मायनर्सवर होता. आणि खाणमालक हे पिंकर्टनचं जुनं गिऱ्हाईक. तपास करणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असेल, तर समोरचा नेमकं तेच उत्तर देतो तेव्हा आनंद मानायचा की काळजी करायची? या लेखाचा सगळा जीव या प्रश्नात आहे.

मॅकपार्लंड टेबलापलीकडे बसून माणसं बोलती करायला शिकला, तो वेषांतरातून. १८७३ मध्ये, तिशी गाठायच्या आधीच, 'जेम्स मॅकेना' बनून तो पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत शिरला. मॉली मॅग्वायर नावाच्या आयरिश कामगारांच्या गुप्त टोळीत त्याने जागा मिळवली, दारू प्याला, मारामाऱ्या केल्या, विश्वास कमावला आणि अडीचेक वर्षं वरती अहवाल पाठवत राहिला. पुढे वीस जण फासावर गेले, त्यातले बरेच त्याच्या साक्षीने. पाठवणारी होती एक रेल्वे कंपनी, पकडणारी खासगी कंपनी. सरकारने फक्त न्यायालय आणि फास पुरवला, असं तेव्हाही लोक म्हणत.

वेषांतर केलेल्या हेराचं खरं कसब दाढीमिशांत नसतं. ज्याच्याकडून माहिती काढायची, त्याला जी गोष्ट हवी आहे ती आपल्यापाशी आहे असं भासवणं, हे कसब. एकट्या माणसाला सोबत, भुकेल्याला काम, घाबरलेल्याला संरक्षण. बॉइसीत मॅकपार्लंडने वेष घेतला नव्हता, पण युक्ती तीच होती. ऑर्चर्डला त्याने केरिगन नावाच्या माणसाची हकीकत सांगितली. केरिगन मॉली मॅग्वायरांपैकीच, खुनात सामील, पण माफीचा साक्षीदार झाला आणि मोकळा सुटला. मग बायबलातल्या डेव्हिड राजाचा दाखला दिला: खून त्यानेही करवला होता, तरी देवाने त्याला जवळ केलं. आणि सुचवलं की खरा गुन्हेगार तू नाहीस, तुला वापरणारे आहेत.

ऑर्चर्ड बोलला. नुसता स्टूनेनबर्गचा खून नाही, आणखी कितीतरी. आणि हे सगळं संघटनेच्या पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून केलं, असंही. बिल हेवूड, चार्ल्स मोयर आणि जॉर्ज पेटिबोन यांना डेन्व्हरमध्ये पकडून खास रेल्वेगाडीने आयडाहोला आणण्यात आलं.

आता या कबुलीची सरळ दोन शकलं करून पाहा. 'मी बाँब लावला' हे पहिलं. त्याला हॉटेलातल्या खोलीचा, दोरीचा, प्लास्टरचा आधार आहे. 'हेवूडने मला पाठवलं' हे दुसरं. त्याला ऑर्चर्डच्या जिभेखेरीज आधार नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनात ही शकलं वेगळी राहत नाहीत. पहिला भाग खरा निघाला की त्याचा उजेड दुसऱ्यावर पडतो आणि तोही खरा वाटू लागतो. आयडाहोच्या कायद्याला हे माहीत होतं. गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा असल्याशिवाय दोषी ठरवू नये, अशी तिथे तरतूद होती. मॅकपार्लंडने दुजोऱ्यासाठी स्टीव्ह अ‍ॅडम्स नावाचा दुसरा माणूस गाठला. त्यानेही कबुली दिली आणि नंतर फिरवली.

(मध्येच सांगायला हवं: खटल्याच्या तयारीत पिंकर्टनचा एक हेर बचावपक्षातच कामाला होता. ज्यूरीत बसू शकतील अशा लोकांची मतं चाचपून तो बचावाला सांगे आणि तीच माहिती मॅकपार्लंडलाही पुरवी. अहवालात त्याचं नाव नसे, फक्त क्रमांक: ऑपरेटिव्ह २१.)

या खटल्यात विज्ञान शिरलं ते १९०७ च्या उन्हाळ्यात. हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग बॉइसीला आले. न्यायालयात ऑर्चर्डचा चेहरा पाहून त्यांना आधी किळसच आली. हा माणूस खोटं बोलतोय, अशी त्यांची खात्री झाली. मग तुरुंगात त्यांनी उपकरणं लावून कित्येक तास त्याच्या चाचण्या घेतल्या आणि मत साफ उलटं झालं: हा खरं बोलतोय.

त्यातली मुख्य चाचणी होती शब्दसाहचर्याची. तपासणारा एक शब्द उच्चारतो, समोरच्याने मनात येणारा पहिला शब्द सांगायचा, आणि मधला वेळ सेकंदाच्या अंशात मोजायचा. 'नदी', 'टेबल' अशा साध्या शब्दांत मधूनच 'पिस्तूल', 'कबुली', 'रक्त' असे शब्द पेरायचे. मनात काही दडवलेलं असेल, तर त्या शब्दापाशी माणूस अडखळेल, वेळ लांबेल. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग हेही त्याच सुमारास हे तंत्र वापरत होते. आपल्याकडे याला शतकानुशतकं 'चोराच्या मनात चांदणं' म्हणतात. बिरबलाची काठ्यांची गोष्ट आठवा: सगळ्या नोकरांना सारख्या काठ्या दिल्या, चोराची रात्रीत बोटभर वाढेल म्हणून सांगितलं, आणि चोराने भीतीपोटी आपली बोटभर कापून आणली. बिरबलाने काठी मोजली, म्युन्स्टरबर्गनी वेळ.

ऑर्चर्ड त्या धोकादायक शब्दांपाशी अडखळला नाही. म्युन्स्टरबर्गनी निष्कर्ष काढला की दडवलेलं काही नाही.

चूक इथे झाली, आणि मला ती म्युन्स्टरबर्गच्या उपकरणांपेक्षाही बोधप्रद वाटते. अडखळणं मोजणारी चाचणी फार तर एवढंच सांगते की माणूस या क्षणी काही लपवत नाही. ऑर्चर्डला लपवायचं कारणच उरलं नव्हतं. दीड वर्ष तो हीच हकीकत सांगत होता, मॅकपार्लंडला, वकिलांना, ज्यूरीला. एव्हाना तो धार्मिकही झाला होता. सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या गोष्टीवर जीभ कशाला अडखळेल? गोष्ट खरी असली तरी आणि खोटी असली तरी. शिवाय चाचणीने तपासला तो अख्खा माणूस. तपासायचं होतं त्याच्या बोलण्याचं दुसरं शकल.

त्यांचं मत खटला चालू असतानाच वर्तमानपत्रांत फुटलं. २८ जुलै १९०७ ला ज्यूरीने हेवूडला निर्दोष सोडलं. बचावाला क्लॅरन्स डॅरो हे नामवंत वकील होते, पण न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावलेला दुजोऱ्याचा नियम त्यांच्या भाषणाइतकाच कामी आला. पेटिबोनही सुटला, मोयरवरचा आरोप मागे घेतला गेला. ऑर्चर्डची फाशी जन्मठेपेत बदलली. १९५४ मध्ये तो त्याच तुरुंगात वारला, शेवटपर्यंत आपल्या जबानीवर ठाम.

मॅकपार्लंडच्या जेवणाच्या टेबलावर नक्की काय घडलं, याची चाचणी प्रयोगशाळेत व्हायला सुमारे शतक जावं लागलं. २००५ मध्ये मेलिसा रुसानो आणि सहकाऱ्यांनी एक साधा, पण चतुर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना तर्काची कोडी सोडवायला दिली, काही एकट्याने सोडवायची अशी सक्त ताकीद देऊन. प्रत्येकाच्या शेजारी प्रयोगकर्त्यांचाच माणूस बसवला होता. काही जणांना तो उत्तर विचारी आणि पुष्कळजण मदत करत. म्हणजे ते 'गुन्हेगार'. बाकीच्यांना त्याने विचारलंच नाही, ते निरपराध. मग सगळ्यांवर फसवणुकीचा आळ घेऊन कबुलीवर सही मागितली.

नुसतं विचारलं तेव्हा गुन्हेगारांपैकी ४६ टक्क्यांनी सही केली, निरपराधांपैकी ६ टक्क्यांनी. मग दोन युक्त्या वापरल्या. एक, सौदा: सही केलीस तर प्रकरण लवकर मिटेल. दोन, गुन्हा लहान करून दाखवणं: तुला कुठे कल्पना होती हे एवढं गंभीर आहे. म्हणजे केरिगन आणि डेव्हिड राजा. दोन्ही एकत्र वापरल्यावर गुन्हेगारांच्या सह्या ८७ टक्क्यांवर गेल्या. झकास! पण निरपराधांच्या गेल्या ४३ टक्क्यांवर.

या आकड्यांकडे तपास अधिकारी आणि शास्त्रज्ञ वेगवेगळ्या नजरेने बघतात. अधिकारी म्हणेल, कबुल्या जवळजवळ दुप्पट झाल्या. शास्त्रज्ञ गुणोत्तर काढेल. आधी गुन्हेगाराने कबूल करण्याचा संभव निरपराधाच्या साडेसात पटीहून थोडा जास्त होता, युक्त्यांनंतर तो फक्त दुप्पट राहिला. सही जास्त वेळा मिळते, पण प्रत्येक सहीचं वजन घटतं.

वेषांतराचा डाव याच्याही पुढे जातो. १९०१ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात 'रेक्स विरुद्ध टॉड' हा खटला चालला. पोलिसांच्या वतीने वेष बदलून गेलेल्या हेरांनी खुनाच्या संशयिताला सांगितलं की आमची एक टोळी आहे, चांगली कमाई आहे, पण आत यायचं तर तू आधी काही गंभीर गुन्हा केलास हे पटवून दे. त्याने खुनाची कबुली दिली आणि न्यायालयाने ती ग्राह्य धरली. तर्क असा, की समोरचा सरकारी माणूस आहे हे आरोपीला ठाऊकच नव्हतं, मग सरकारी दबाव आला कुठून? मॅकपार्लंडच्या टेबलावर निदान कबुलीची किंमत मोजावी लागणार, हे कैद्याला कळत होतं. इथे कबुलीला बक्षीस आहे आणि शिक्षा दिसतच नाही. बढाई मारण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

हेच तंत्र १९९० च्या दशकात कॅनडाच्या पोलिसांनी पुन्हा काढलं. 'मिस्टर बिग' म्हणतात त्याला, टोळीच्या बनावट म्होरक्यावरून. २००८ पर्यंत साडेतीनशेहून अधिक वेळा ते वापरलं गेलं. त्यातून खरे खुनी पकडले गेले आहेत, यात शंका नाही. पण मॅनिटोबातल्याच एका तरुणाने बनावट टोळीपुढे १९९० मधल्या एका खुनाची फुशारकीने कबुली दिली आणि खून जिथे केला म्हणून एक पूल दाखवला. खून झाला तेव्हा तो पूल बांधलेलाच नव्हता. तरी त्याला शिक्षा झाली. कबुलीच्या जोडीला सूक्ष्मदर्शकाखाली 'जुळलेला' एक केस होता. पुढे डीएनए चाचणीत तो केस त्याचा नसल्याचं निघालं. २००९ मध्ये तो निर्दोष ठरला.

२०१४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'हार्ट' खटल्यात या तंत्राला लगाम घातला. आरोपी सरकारी मदतीवर जगणारा, मित्र नसलेला माणूस. आपल्याच मुलींना बुडवून मारल्याचा त्याच्यावर संशय. चार महिन्यांत पोलिसांनी त्याच्यासाठी ६३ प्रसंग रचले, खर्च चार लाख डॉलरच्या वर. 'म्होरक्या'पुढे त्याने आधी आपल्या मुली अपघाताने बुडाल्याचं सांगितलं. खोटं बोलू नकोस म्हटल्यावर त्याने गोष्ट बदलली. न्यायालयाने ठरवलं की अशी कबुली मुळात अग्राह्य मानायची. ती विश्वासार्ह आहे हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर.

विश्वासार्ह कशी ठरवायची? 'खुन्यालाच ठाऊक असतील असे तपशील त्याने सांगितले' हा नेहमीचा युक्तिवाद पुरत नाही. अमेरिकी कायदेअभ्यासक ब्रँडन गॅरेट यांनी डीएनएमुळे खोट्या ठरलेल्या ४० कबुल्या तपासल्या. त्यांतल्या ३८ मध्ये असे तपशील होते. ते बहुधा प्रश्नांतूनच झिरपले होते. म्हणून कसोटी एकच उरते: कबुलीतून अशी गोष्ट हाती लागली का, जी विचारणाऱ्यालाही आधी माहीत नव्हती?

आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने (तो २०२४ पर्यंत लागू होता) ही शकलं करण्याची सोय केव्हाच केली होती. गंमत म्हणजे त्याच कायद्याचं कलम २९ म्हणत असे की केवळ फसवून मिळवली म्हणून कबुली बाद होत नाही. पण पोलिसांपुढची कबुली कलम २५ मुळे पुराव्यात येत नसे, आणि कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून काही सापडलं, तर कलम २७ त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग आत घेत असे. तो भाग कुठे संपतो, हे डिसेंबर १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे हिंदुस्थानसाठीच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टया या गुंटूरकडच्या खटल्यात ठरवलं. निकाल सर जॉन ब्यूमाँट यांनी दिला. १९३० ते १९४३ मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, तेच हे. त्यांचं उदाहरण एका सुऱ्याचं आहे. आरोपी म्हणतो, 'माझ्या घराच्या छपरात लपवलेला सुरा मी काढून देतो.' सुरा तिथे निघतो. एवढं वाक्य पुराव्यात येईल. त्याने पुढे 'याच सुऱ्याने मी अमक्याला भोसकलं' असं जोडलं असेल, तर ते शब्द येणार नाहीत, कारण छपरात सुरा सापडला, भोसकणं सापडलेलं नाही.