मांजराला घरी सलाईन देणे : मधुमेह आणि मूत्रपिंडविकार

जीर्ण मूत्रपिंडविकार झालेल्या मांजराच्या शरीरातली पाण्याची तूट भरून काढण्यासाठी, पशुवैद्याच्या सल्ल्याने घरच्या माणसाने त्याच्या कातडीखाली क्षारयुक्त द्रव सोडण्याची उपचारपद्धती. माणसाला सलाईन शिरेतून लावतात. इथे सुई शिरेत जात नाही. खांद्याच्या दोन फऱ्यांमधली सैल कातडी उचलून तिच्याखाली द्रव सोडतात आणि पुढच्या काही तासांत तो हळूहळू रक्तात शोषला जातो. शीर शोधावी लागत नाही, म्हणून हे काम घरी शिकता येते. मात्र त्याच मांजराला मधुमेहही असेल, तर बाटलीची निवड, इन्शुलिन टोचण्याची जागा, आहार असा सगळाच हिशेब बदलतो. ही नोंद मुख्यतः त्या बदललेल्या हिशेबाविषयी आहे.

मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले; शिकारीच्या मांसातल्या ओलाव्यावर त्यांचे बरेचसे भागे. त्यामुळे निरोगी मांजराची लघवी फार दाट असते, तिचे विशिष्ट गुरुत्व सहसा १.०३५ च्या वर असते. मूत्रपिंडे झिजली की लघवी दाट करण्याची ही ताकद कमी होते आणि पाणी वाहून जाऊ लागते. मधुमेहातली गळती वेगळ्या वाटेने होते. रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणजे हौद एक आणि भोके दोन. घरात हे पहिल्यांदा दिसते ते वाळूच्या ट्रेमध्ये : लिंबाएवढे गोळे निघत असत तिथे मोसंबीएवढे निघू लागतात आणि पाण्याचे भांडे दुपारीच रिकामे होते. साखर आटोक्यात नसताना रोज सलाईन देत राहणे म्हणजे एक भोक उघडे ठेवून हौद भरणे होय. म्हणून आधी इन्शुलिनचे गणित जमवायचे आणि तरी उरणारी तूट सलाईनने भरायची, हा क्रम.

दोन्ही आजार एकमेकांच्या खुणा झाकतात. तहान, लघवी आणि घटते वजन दोहोंतही सारखेच. मूत्रपिंडाची स्थिती क्रिअ‍ॅटिनिनवरून ठरवतात, पण हा रक्तातला टाकाऊ पदार्थ स्नायूंपासून तयार होतो. मधुमेहाने स्नायू झडलेल्या मांजरात आकडा खोटाच बरा दिसतो. अशा वेळी एसडीएमए ही, स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्तचाचणी जोडीला घेतात. साखरेचेही तसेच. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणाने चढते, म्हणून मागच्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी किंवा घरी कानाच्या कडेला टोचून घेतलेले आकडे जास्त भरवशाचे. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

बाटली कोणती, हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग. आणि मराठी घरात त्याला एक खास अडचण आहे. आपल्याकडे कोणतीही सलाईन लावली तरी ‘ग्लुकोज चढवले’ म्हणण्याची सवय आहे. औषधाच्या दुकानात ५ टक्के डेक्स्ट्रोज, डेक्स्ट्रोज-सलाईन म्हणजे डीएनएस, नॉर्मल सलाईन म्हणजे एनएस आणि रिंगर लॅक्टेट म्हणजे आरएल या बाटल्या दिसायला जवळपास सारख्या असतात. ‘मांजरासाठी ग्लुकोजची बाटली द्या’ असे म्हणणाऱ्याच्या हातात खरोखरच ग्लुकोज पडू शकते. ५ टक्क्यांच्या १०० मिली द्रवात ५ ग्रॅम साखर असते. चार किलोच्या निरोगी मांजराच्या सगळ्या रक्तात मिळून असते जेमतेम पाव ग्रॅम. शिवाय नुसते डेक्स्ट्रोज कातडीखाली सोडले तर भोवतालचे क्षार त्या साठ्याकडे ओढले जातात, जागा चिडते आणि जंतूंनाही आयते खाद्य मिळते. मधुमेह नसलेल्या मांजरालाही ते कातडीखाली देत नाहीत. म्हणून चिठ्ठीवरचे नाव आणि लेबलावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळवून मगच बाटली घरी आणावी.

बहुतेक वेळा निवड आरएलची होते. त्याच्या १०० मिलीत सुमारे ०.६ ग्रॅम मीठ, ०.३ ग्रॅमच्या आसपास सोडियम लॅक्टेट आणि थोडे पोटॅशियम व कॅल्शियम असते. नावातला रिंगर म्हणजे सिडनी रिंगर हा ब्रिटिश वैद्य. बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग तो १८८० च्या दशकात करत होता. एकदा ते हृदय अपेक्षेपेक्षा जास्त वेळ चालले. शोध घेता कळले की द्रव शुद्ध पाण्याऐवजी लंडनच्या नळाच्या पाण्यात केला होता आणि करामत त्यातल्या कॅल्शियमची होती. लॅक्टेटची भर १९३० च्या दशकात अलेक्सिस हार्टमन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने घातली. या लॅक्टेटचा काही भाग यकृतात ग्लुकोजमध्ये बदलतो, म्हणून मधुमेहात त्याची धास्ती घेतली जाते. पण घरी देण्याच्या मात्रेत ही साखर फार थोडी भरते. खरी काळजी मिठाची करावी.

किती आणि कितीदा द्यायचे हे रक्ताच्या तपासण्या, वजन, रक्तदाब आणि हृदय पाहून पशुवैद्य ठरवतो. ढोबळमानाने एका मांजराला एका वेळी ७५ ते १५० मिली, कुणाला रोज तर कुणाला आठवड्यातून दोन-तीनदा. मूत्रपिंडविकाराच्या पायऱ्या ठरवणाऱ्या आयरिस या आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय गटाच्या वर्गवारीत क्रिअ‍ॅटिनिन दर डेसिलिटरला २.९ ते ५ मिलिग्रॅम असेल तर तिसरी पायरी आणि त्यावर चौथी. घरी सलाईन देण्याची वेळ बहुधा या दोन पायऱ्यांवर येते, तीही मांजर खरोखर सुकत असेल तरच. सलाईनने झिजलेली गाळणी भरून येत नाही. पाण्याची तूट भरली की मळमळ आणि बद्धकोष्ठ कमी होतात, भूक परतते. लाभ तेवढाच, पण न जेवणाऱ्या मांजराच्या घरात तो फार मोठा वाटतो.

प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचे. बाटली आधी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवतात. मांजराचे अंग ३८ ते ३९ अंशांचे, त्यामुळे गार द्रव त्याला झोंबतो. मायक्रोवेव्हमध्ये बाटली तापवू नये, आतला द्रव एकसारखा तापत नाही. मग बाटली खिडकीच्या गजाला किंवा पडद्याच्या दांडीला टांगायची, सेटमधली, म्हणजे बाटलीला जोडलेल्या नळीतली, हवा घालवायची आणि नळीवरची चाकी बंद करायची. मांजर टोपलीत किंवा टॉवेलवर, तोंड आपल्या विरुद्ध दिशेला. मानगुटीमागची कातडी चिमटीत उचलली की तिचा छोटा तंबू होतो. सुईचे तिरपे तोंड वर ठेवून, पाठीला समांतर, त्या तंबूत सरकवायची. कातडी पार होताना बोटांना हलकासा ‘टच’ जाणवतो. चाकी उघडल्यावर केस ओले झाले तर समजावे, सुई दुसऱ्या बाजूने बाहेर आली आहे. सुईच्या गेजचा आकडा जितका मोठा तितकी ती बारीक. १८ गेजने काम लवकर उरकते; २१ गेजची सुई कमी टोचते, पण वेळ खाते, आणि मांजराला वेळच आवडत नाही असा अनेकांचा अनुभव. बाटलीवरच्या रेघेवर नजर ठेवून ठरलेल्या मात्रेला चाकी बंद करायची, सुई काढून भोक मिनिटभर चिमटीत दाबायचे. एखादा गुलाबी थेंब आला तर घाबरण्याचे कारण नाही. पाठीवर उंटासारखे मदार दिसते, मग ते एका पुढच्या पायाकडे ओघळते आणि बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत जिरते. जिरले नाही, तर पुढची बाटली लावण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.

याच ओघळत्या साठ्यामुळे इन्शुलिन तिथे टोचायचे नसते. द्रवात मिसळलेले इन्शुलिन किती आणि केव्हा शोषले जाईल याचा नेम राहत नाही. ते कुशीत किंवा पोटाच्या कडेला द्यावे. साखर मोजणारा संवेदक अंगावर चिकटवला असेल, तर त्याच्यापासूनही सलाईन लांब ठेवावे. आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. शरीरात पाणी पुरेसे झाले की इन्शुलिन नीट शोषले जाते आणि साखर लघवीवाटेही अधिक निघते. त्यात इन्शुलिन मोडण्याचे थोडे काम मूत्रपिंडेच करतात आणि ती मंदावलेली असतात. म्हणजे सलाईन सुरू केल्यावर पूर्वीचीच मात्रा जड पडू शकते. पहिले काही दिवस साखर जास्त वेळा पाहावी. मांजर जेवले नसेल तर नेहमीची मात्रा टोचण्याआधी डॉक्टरांना विचारावे. ते झोकांड्या खाऊ लागले, लुळे पडले तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज पावडरचे पाणी चोळून लगेच दवाखाना गाठावा. घरातल्या ग्लुकोजचा खरा उपयोग असा.

भारतात दर मिलीला ४० एककांचे आणि १०० एककांचे अशी दोन्ही इन्शुलिने मिळतात, आणि सिरिंजही वेगवेगळ्या : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चे इन्शुलिन भरले तर एका रेघेला अडीच एकके जातात. एक-दोन एककांवर चालणाऱ्या मांजराला ही चूक जिवावर बेतते.

सलाईन जास्त झाल्याच्या खुणा श्वासात दिसतात. झोपलेल्या मांजराची छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजावे. ३० च्या आत असणे चांगले, सतत वाढत चालले तर सलाईन थांबवून विचारावे, आणि ४० च्या पुढे किंवा तोंड उघडून श्वास चालू असेल तर वाट पाहू नये. हृदय जाड झालेल्या मांजराच्या छातीत पाणी साचू शकते, म्हणून सुरुवातीलाच हृदय तपासून घेतात. मिठाने रक्तदाबही चढू शकतो. याउलट वांत्या, पूर्ण उपवास आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास ही इन्शुलिन कमी पडून रक्तात आम्ले साचण्याची, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसची लक्षणे. तिथे घरची बाटली पुरत नाही, भरतीच करावे लागते.

आहारात दोन आजारांची ओढाताण उघडी पडते. मधुमेहाला प्रथिने भरपूर आणि पिष्ट कमी हवे. किडनीच्या तयार खाण्यात फॉस्फरस आवरण्यासाठी प्रथिने बेताची आणि पिष्ट जास्त असते. आजार पुढे गेला असेल तर सहसा किडनीच्या बाजूने झुकते माप देऊन इन्शुलिन त्याला जुळवून घेतात. खाणे ओले असावे, एवढ्यावर दोन्ही बाजूंचे एकमत. पोटॅशियम लघवीतून जाते आणि इन्शुलिनही ते पेशींत ढकलते. मांजराची मान खाली झुकलेली राहू लागली तर ते तपासावे. पोटॅशियम आपल्या मनाने बाटलीत कधीही मिसळू नये.

काही मांजरांना गळ्यातून अन्ननलिकेत नळी बसवतात. तिच्यातून साधे पाणी देता येते, मिठाचा भार टळतो, औषध आणि खाणेही त्याच वाटेने जाते. रोजच्या टोचण्याला कंटाळून मांजर पलंगाखालून निघेनासे झाले असेल, तर हा पर्याय वेळेत विचारण्यासारखा आहे.

सुई दर वेळी नवी घ्यावी. वापरलेल्या सुया २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्यात धरल्या गेल्या. त्या जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून, झाकण चिकटपट्टीने बंद करून दवाखान्यात नेऊन द्याव्यात. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलेली सुई कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात जाते.