मणक्यातील ‘गॅप’ आणि डॉक्टरांचे प्रश्न

कंबर दुखू लागलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: ‘तुमच्या मणक्यात गॅप आली आहे.’ शेजारी सांगतात, हाडे बसवणारा सांगतो, क्वचित एखादा घाईत असलेला डॉक्टरही सांगून जातो. गंमत अशी की ज्या एक्स-रेकडे बोट दाखवून हे सांगितले जाते, त्यात बहुधा नेमके उलटे दिसत असते. दोन मणक्यांमधले अंतर वाढलेले नसते, तर कमी झालेले असते. तरीही हा शब्द रुजला आहे, कारण काहीतरी निसटले असून ते कोणीतरी पुन्हा जागेवर बसवायला हवे, असे चित्र त्यातून डोळ्यांपुढे उभे राहते.

आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मध्ये २३ चकत्या असतात. बोलताना आपण त्यांना गादी म्हणतो आणि ती उपमा वाईट नाही. प्रत्येक चकतीला बाहेरून चिवट तंतूंचे कडे असते आणि आत मऊ, पाणीदार गाभा असतो. दिवसभर उभे राहिल्याने आणि बसल्याने त्यातले थोडे पाणी दाबले जाऊन बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर ते परत शोषले जाते. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक टक्क्याने जास्त भरते. प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसल्यामुळे तिचे पोषण शेजारच्या हाडांतून झिरपणाऱ्या द्रवावर चालते आणि ती शरीरातील इतर अनेक भागांच्या आधी म्हातारी होऊ लागते. गाभ्यातले पाणी कमी झाले की चकती चपटी होते, कडेने किंचित फुगते, आणि एमआरआयच्या अहवालात ‘झीज’ आणि ‘फुगवटा’ हे शब्द उमटतात.

हे शब्द वाचून माणूस घाबरतो. मात्र ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशांचे एमआरआय काढले तर काय दिसते, हा प्रश्न संशोधकांनी विचारलेला आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ जणांच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा ५२ टक्के लोकांमध्ये किमान एका ठिकाणी चकती फुगलेली आढळली. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतील ३,११० निरोगी व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये होती आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांमध्ये. म्हणजे साठीतल्या कोणाच्याही कमरेचा फोटो काढला तरी त्यात काही ना काही सापडणारच. केस पांढरे झाल्याचा अहवाल कोणी हातात दिला, तर आपण तो आजार मानणार नाही. इथे मात्र मानतो, कारण अहवाल छापील असतो आणि त्यासाठी काही हजार रुपये मोजलेले असतात.

मग डॉक्टर कशावरून ठरवतात? चांगला अस्थिरोगतज्ज्ञ एमआरआयचे पाकीट आधी बाजूला ठेवतो. दुखणे कमरेतच थांबते की पायात उतरते, उतरत असेल तर गुडघ्याच्या खाली कुठवर आणि कोणत्या बाजूने, हे तो विचारतो. पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्याकडे मुंग्या येत असतील तर संशय कमरेच्या पाचव्या नसेवर जातो. करंगळीच्या बाजूने येत असतील तर तिच्या खालच्या नसेवर. पुढे तो टाचांवर चालायला सांगतो, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगून तो स्वतःच्या बोटाने खाली दाबतो आणि दोन्ही बाजूंची ताकद ताडून पाहतो. टाचेमागे छोट्या हातोडीने टिचकी मारली की पाऊल उडते का, तेही पाहिले जाते. उताणे झोपवून गुडघा न वाकवता पाय हळूहळू वर उचलला असता साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत कळ गेली, तर नस दाबली जात असण्याची शक्यता वाढते. नुसती मांडीमागे ओढ बसणे हे त्यात मोडत नाही, ती आखडलेल्या स्नायूंचीही असू शकते.

या सगळ्याला पाच-दहा मिनिटे लागतात आणि त्यानंतरच फोटोला अर्थ येतो. उजवा पाय दुखतो आणि फोटोत चकती डावीकडे सरकलेली दिसते, असे असेल तर त्या चकतीला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. माझ्या मते पाठीला किंवा पायाला हात न लावता, केवळ अहवाल वाचून शस्त्रक्रियेचा सल्ला कोणी दिला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. पायात उतरणारी कळ चकतीच्या शस्त्रक्रियेने जितक्या खात्रीने जाते, तितक्या खात्रीने नुसते कंबरेचे दुखणे जात नाही. शिवाय बाहेर आलेला चकतीचा तुकडा पुष्कळदा काही महिन्यांत शरीरच हळूहळू शोषून घेते. नसेची ताकद घटत नसेल, तर सहाएक आठवडे औषधे आणि व्यायामावर थांबण्यामागे हे कारण असते.

अचानक उसण भरली तर पूर्वी ‘आठ-पंधरा दिवस फळीवर झोपा’ असा सल्ला मिळे. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस विश्रांती सांगितली. दोन दिवसवाल्यांच्या कामाच्या सुट्ट्या कमी झाल्या आणि बाकी बाबतीत त्यांचे काही बिघडले नाही. आता तर झेपेल तितकी ऊठबस चालूच ठेवायला सांगतात.

दुखणे केव्हा वाढते, हा प्रश्न मात्र साधा वाटला तरी कळीचा आहे. विशी-तिशीतल्या तरुणाची कंबर सकाळी उठल्यावर अर्धा तासाहून अधिक वेळ आखडलेली राहते, हालचालीने सुटते आणि बसून राहिल्याने वाढते, असे तीन-चार महिने चालले असेल, तर तो चकतीचा नव्हे, तर सांध्यांच्या दाहाचा आजार असू शकतो आणि त्यासाठी संधिवाततज्ज्ञाकडे जावे लागते. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन ही लक्षणे आपल्याकडे मणक्याच्या क्षयाची आठवण करून देणारी आहेत. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७९ मध्ये वर्णन केलेला हा आजार आजही भारतात सर्रास आढळतो. सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो, आणि वेळीच ओळखला तर बहुतेकांना वर्षभर किंवा अधिक काळ गोळ्या घेऊन तो बरा होतो. पूर्वी कर्करोग झाला असेल, किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू असतील, तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे.

एक गोष्ट रुग्ण लाजेपोटी सांगत नाहीत. कमरेच्या खालच्या भागात मज्जारज्जू संपलेला असतो आणि तिथून नसांचा झुबका खाली उतरतो. मोठी चकती या झुबक्यावरच दाबली गेली, तर दोन्ही मांड्यांच्या आतली बाजू आणि बसण्याची जागा बधिर होते, लघवी तुंबते किंवा झालेली कळत नाही, शौचावरचा ताबा सुटतो. पायांतली कळ अशा वेळी कधी कधी कमीही होते, त्यामुळे घरच्यांना बरे वाटू लागले असे वाटते. दाबलेल्या नसा काही तासांत ते एक-दोन दिवसांत निकामी होऊ लागतात. म्हणून रात्री हे लक्षात आले, तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता, एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया या दोन्हींची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच रात्री जावे आणि दारातच सांगावे की लघवी होत नाही.