औषधांचा खर्च झेपेनासा झाला, तर डोस तोडण्याआधी आमच्याशी बोला

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या औषध दुकानाकडून ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरात कॅन्सर, किडनी, हृदयविकार किंवा पक्षाघातासारखं मोठं दुखणं आलं की ऑपरेशनच्या पैशांची जुळवाजुळव सगळे मिळून करतात. पाहुणे धावून येतात, सोनं गहाण पडतं, सोसायटीचं कर्ज निघतं. खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते. गोळ्या दर महिन्याला लागतात आणि त्यासाठी कोणी पाहुणा पैसे घेऊन दारात येत नाही.

आम्हाला ही ओढाताण काउंटरवर एका वाक्यात कळते: "आत्ता निम्म्याच द्या." निम्म्या घेण्यात काहीच गैर नाही. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येत असेल तर दहा दिवसांच्याच गोळ्या न्या. आम्ही पट्टी कापून देतो, मुदतीची तारीख आणि बॅच नंबर दिसेल अशी कापतो आणि तेवढ्याचंच बिल करतो. धोका आहे तो निम्म्या गोळ्या महिनाभर पुरवण्यात. सकाळ-संध्याकाळची गोळी फक्त सकाळी, रोजची गोळी दिवसाआड. हे घरातही कोणाला सांगितलं जात नाही आणि डॉक्टरांनाही नाही. मग तपासणीत बीपी वाढलेलं दिसतं, गोळी लागू पडत नाही असं समजून डॉक्टर आणखी एक गोळी लिहितात आणि खर्च कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

काही औषधांत तर एवढीही सवड नसते. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवल्यानंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. किडनी बदललेल्या रुग्णाने टॅक्रोलिमस तोडलं तर शरीर नवी किडनी नाकारू लागतं. फिट्सची गोळी, बरेच दिवस चाललेली स्टेरॉइडची गोळी आणि इन्सुलिन हीसुद्धा एकदम थांबवायची औषधं नव्हेत. म्हणून आमची पहिली आणि आग्रहाची विनंती अशी की पैसे कमी पडत असतील तर ते आधी सांगा. सांगण्यात कमीपणा नाही. चिठ्ठी समोर ठेवून बोललं तर बहुतेक वेळा काहीतरी वाट निघते.

चिठ्ठी वाचायची कशी

अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेल्या माणसाची चिठ्ठी साधारण अशी असते: अ‍ॅस्पिरिन, टिकाग्रेलोर, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, मेटोप्रोलोल, रॅमिप्रिल, पँटोप्राझोल, एक मल्टिव्हिटॅमिन आणि पुष्कळदा प्रोटीन पावडरचा डबा. घरचे लोक बिल बघतात आणि सगळ्यात महाग ओळ गाळतात. ती नेमकी टिकाग्रेलोर असते, रक्त पातळ ठेवणारी गोळी, म्हणजे या यादीत अ‍ॅस्पिरिनच्या जोडीने जी कधीच चुकवायची नाही ती. दिवसातून दोनदा घ्यायची ही गोळी एकदाच घेऊन पुरवणारे लोकही आम्ही पाहतो. तसं करू नका.

त्याच चिठ्ठीवर पैसे वाचवायच्या जागा दुसरीकडे असतात. प्रोटीन पावडर आणि मल्टिव्हिटॅमिन खरंच लागतात का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. नेहमीचं जेवण जात असेल तर बरेच डॉक्टर ती बंद करतात. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि पँटोप्राझोल शेकडो कंपन्या बनवतात आणि दरात दुप्पट-तिपटीचा फरक सहज असतो. टिकाग्रेलोरचं भारतातलं पेटंट, म्हणजे ती एकाच कंपनीने बनवायचा हक्क, २०१९ मध्येच संपलं, त्यामुळे तिलाही स्वस्त पर्याय आहेत. काही रुग्णांना डॉक्टर तिच्याऐवजी क्लोपिडोग्रेल देऊ शकतात. ती दिवसातून एकदाच घ्यायची असते आणि बरीच स्वस्त पडते. हा निर्णय मात्र हृदयरोगतज्ज्ञांचाच, आमचा नव्हे आणि तुमचाही नव्हे.

आणखी एक गोष्ट आम्हाला वरचेवर दिसते. हार्टचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, गावातले फॅमिली डॉक्टर तिसरे. तिघांच्या चिठ्ठ्यांवर तीच पित्ताची किंवा तीच बीपीची गोळी तीन वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी असते आणि रुग्ण इमानेइतबारे तिन्ही घेतो. पैसा जातोच, वर बीपी उतरून चक्कर येते. सगळ्या चिठ्ठ्या आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून आणा. कोणती गोळी दोनदा आहे ते आम्ही खुणा करून देतो आणि तो कागद तुम्ही डॉक्टरांना दाखवा.

कंपनी बदलायची असेल तर

"दुसऱ्या कंपनीची द्या की, औषध तेच आहे ना?" हा प्रश्न रास्त आहे. पण औषध नियमांतल्या ६५ व्या नियमानुसार चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी, घटक तोच असला तरी, दुसरं औषध आम्ही परस्पर देऊ शकत नाही. त्यामुळे तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना सांगा, "औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहून द्या, स्वस्तातली कंपनी चालेल." वैद्यक परिषदेच्या नियमावलीतही मूळ नाव वाचता येईल असं लिहावं, असंच म्हटलंय. नंतर आठवलं तर आम्ही डॉक्टरांना फोन करून विचारतो. त्याचे पैसे लागत नाहीत.

थायरॉइडची गोळी, फिट्सचं फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, टॅक्रोलिमस अशा मोजक्या औषधांत मात्र स्वस्त मिळाली म्हणून दर महिन्याला कंपनी बदलणं योग्य नाही. रक्तातलं प्रमाण थोडं हललं तरी यांचा परिणाम बदलतो. एक कंपनी धरा आणि तिच्यावरच राहा. बदलायचीच झाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि रक्ततपासणी करून.

दराबद्दल थोडं मोकळेपणाने. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत जी औषधं आहेत, त्यांचा कमाल दर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण २०१३ च्या आदेशानुसार ठरवतं आणि त्यात किरकोळ दुकानदाराचे १६ टक्के धरलेले असतात. यादीबाहेरच्या औषधाची छापील किंमत कंपनी स्वतः ठरवते, पण वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू शकत नाही. २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवरच्या व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ३३ जीवरक्षक औषधांवरचा शून्य झाला. 'फार्मा सही दाम' हे सरकारी अ‍ॅप मोबाईलवर घेतलं तर औषधाचा दर घरबसल्या बघता येतो. कोणी जास्त दर लावला, अगदी आम्हीसुद्धा, तर १८०० १११ २५५ वर तक्रार करता येते.

"७० टक्के सूट" या पाटीवर मात्र जाऊ नका. पाकिटावर छापलेली किंमतच अवाच्या सवा असेल तर सूट मोठीच दिसणार. एका गोळीला किती रुपये पडतात एवढंच विचारा आणि त्यावरून तुलना करा. जनऔषधी केंद्रात तुमची गोळी मिळत असेल तर अवश्य तिथून घ्या. आम्ही दुकानदार असूनही हे लिहितोय, कारण अर्धवट डोस घेऊन दवाखान्यात भरती झालेला ग्राहक आम्हाला नको आहे. 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि दर दोन्ही दिसतात. सगळी औषधं तिथे असतातच असं नाही, आणि एका केंद्रात नसलेली दुसरीकडे मिळू शकते.

पेटंट संपल्यावरही दर कोसळतात आणि बऱ्याच ग्राहकांना त्याचा पत्ताच नसतो. शुगर, हृदय आणि किडनीसाठी दिलं जाणारं एम्पाग्लिफ्लोझिन पूर्वी साठेक रुपयांना एक गोळी पडायचं. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं आणि दहा-बारा रुपयांत पर्याय आले. रक्ताच्या कॅन्सरवरच्या इमॅटिनिबचं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारलं, म्हणून आज ते आपल्याकडे कितीतरी कमी खर्चात मिळतं. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं तीच महाग कंपनी चालू असेल तर एकदा विचारून बघा.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी

पेन आणि कार्ट्रिजपेक्षा बाटलीतलं साधं ह्यूमन इन्सुलिन पुष्कळ स्वस्त पडतं. बऱ्याच रुग्णांचं त्यावर व्यवस्थित चालतं. पण आधुनिक प्रकारावरून साध्यावर येताना जेवणाआधी किती वेळ टोचायचं ते बदलतं. साधं इन्सुलिन अर्धा तास आधी घ्यावं लागतं. त्यामुळे हा बदल डॉक्टरांनीच करून द्यायचा.

सिरिंजकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडची बाटली बहुधा ४० युनिटची (एका मिलिलिटरमागे ४० युनिट) असते, तिला लाल टोपणाची ४० ची सिरिंज लागते. कार्ट्रिज १०० युनिटची असते. ४० च्या बाटलीतलं औषध १०० च्या नारिंगी टोपणाच्या सिरिंजने घेतलं तर निम्म्याहून कमी डोस जातो. उलट झालं, म्हणजे १०० चं औषध ४० च्या सिरिंजने घेतलं, तर अडीचपट जातो आणि शुगर जीवघेणी खाली येऊ शकते. कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध ओढून पैसे वाचवायचा प्रकार कृपया करू नका. बाटली बदलली की सिरिंज दाखवायला आणा, आम्ही दोन्ही शेजारी ठेवून तपासून देतो.

किती दिवसांचं घ्यावं

नवीन औषध सुरू होताना आठवड्याचंच घ्या. सोसलं नाही किंवा डोस बदलला तर महिन्याचे पैसे वाया जातात. केमोच्या गोळ्या एका सायकलपुरत्याच, म्हणजे उपचाराच्या एका फेरीपुरत्याच घ्या, कारण रक्ताच्या रिपोर्टवरून डॉक्टर मध्येच डोस कमी करतात. इन्सुलिनसारखं फ्रिजमधलं औषध एकदा दुकानाबाहेर गेलं की आम्ही परत घेऊ शकत नाही, कारण वाटेत ते किती तापलं हे कोणालाच कळत नाही. औषध बसलं, डोस ठरला की मग महिन्याचं एकदम घेतलेलं बरं. महाग कॅन्सरच्या औषधांसाठी काही कंपन्यांच्या रुग्ण-सहाय्य योजना असतात, ठरावीक पाकिटं विकत घेतल्यावर पुढची मोफत देतात. नोंदणी डॉक्टरांच्या सहीने आणि पहिल्या बिलापासूनच करावी लागते, म्हणून पहिली खरेदी करण्याआधीच विचारा.

मोफत किंवा सवलतीत कुठे मिळतं

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तालुक्याची ग्रामीण रुग्णालयं, गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, कसबा बावड्याचं सेवा रुग्णालय ही त्यात येतात. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडच्या लोकांनी बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी एसटी धरून कोल्हापूरला यायची गरज नाही. जवळच्या केंद्रात मिळणाऱ्या तिथूनच घ्या, न मिळणाऱ्याच विकत घ्या. सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतो, त्यामुळे तिथले नियम थोडे वेगळे आहेत. टीबी, एचआयव्ही आणि बी-सी प्रकारच्या काविळीची औषधं सरकारी कार्यक्रमातून पूर्ण मोफत मिळतात. ती विकत घेऊन खर्चात पडू नका. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी महिन्याला १,००० रुपयेही बँक खात्यात येतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्या रेशनकार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. केमो आणि डायलिसिसही त्यात आहेत. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. यातली मेख लक्षात घ्या: योजना भरती आणि ठरावीक उपचारांसाठी आहे, घरी दर महिन्याला लागणाऱ्या गोळ्यांसाठी साधारणपणे नाही. पण सुट्टी होताना पुढच्या दहा दिवसांची औषधं पॅकेजमध्येच धरलेली असतात. ती मागून घ्या, बाहेरून आणायला सांगितलं तर आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला गाठा किंवा १५५३८८ वर फोन करा. आरोग्यमित्राकडे भरती होतानाच जायचं, कारण रोख भरलेले पैसे या योजनेतून मागाहून परत मिळत नाहीत.

ट्रस्टच्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा दाखला आधीच काढून ठेवा, भरती झाल्यावर पळापळ होते. खर्च त्याहून मोठा असेल तर मुख्यमंत्री सहायता निधीसाठीही अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कक्षात त्याची माहिती मिळते. माजी सैनिकांच्या घरी ईसीएचएस आणि कामगारांच्या घरी ईएसआयसी या आरोग्य योजनेचं कार्ड असूनही औषधं रोखीने घेणारी कुटुंबं आहेत. कपाटातलं कार्ड आधी बाहेर काढा.

बिलं जपून ठेवा

आरोग्य विमा असेल तर बहुतेक पॉलिसींत भरतीच्या आधीच्या ३० आणि सुट्टीनंतरच्या ६० दिवसांच्या औषधांचेही पैसे मिळतात, पण मूळ बिल आणि त्याच तारखेच्या आसपासची चिठ्ठी दोन्ही लागतात. बिलावर रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव घालून घ्या. नाव चुकलं तर आम्हाला त्याच दिवशी सांगा. जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्यांना कॅन्सर, किडनी निकामी होणं, हिमोफिलिया, थॅलेसेमिया अशा ठरावीक आजारांच्या खर्चावर ४० हजार, ज्येष्ठांना १ लाखापर्यंत वजावट मिळते. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते. जुनं बिल हरवलं असेल तर मोबाईल नंबरवरून आम्ही प्रत काढून देतो.

दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी कमी असते, तेव्हा निवांत बोलता येतं. येताना सुट्टीचा कागद, सगळ्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, रेशनकार्ड आणि विम्याचे कागद आणा. रुग्णाला आणायची गरज नाही, पण घरात औषध प्रत्यक्ष जो देतो त्याला बरोबर घेऊन या.