घोड्याची ‘सुई’ आणि तिची नोंद : पार्श्वभूमी

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत घोड्याचा सौदा ठरण्यापूर्वी गिऱ्हाईक दात पाहते, चाल पाहते, अंगावरचे भोवरे निरखते आणि अलीकडे ‘सुया झाल्यात का?’ असेही विचारते. उत्तर बहुधा ‘झाल्यात’ असेच मिळते. त्या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या गोष्टी नांदतात आणि मराठवाड्यातील घोड्यांची आरोग्यनोंद कच्ची राहण्याचे मोठे कारण तेच आहे.

घोड्याची नोंद ठेवणे या मुलखाला नवे नाही. 1296 साली देवगिरीवर चालून आलेल्या अलाउद्दीन खिलजीने पुढे सुलतान झाल्यावर घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचा हुलिया, म्हणजे चेहऱ्यामोहऱ्याचे वर्णन, लिहून ठेवण्याची पद्धत लावली. मोगलांनीही ‘दाग’ आणि ‘चेहरा’ या नावांनी तीच चालवली. हजेरीच्या दिवशी कोणी उसना घोडा उभा करून पगार उचलू नये, एवढाच तिचा हेतू होता. घोडा कशाने आजारी पडला आणि त्याला काय दिले, हे साळोत्र्याच्या, म्हणजे घोड्यांच्या वैद्याच्या, स्मरणात राहत असे आणि त्याच्याबरोबरच जात असे.

आजाराकडे वेगळ्या नजरेने पाहणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. त्या काळी हिंगोली, औरंगाबाद आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या छावण्या होत्या. तिच्या घोडदळात शिलेदारी पद्धत असल्याने घोडा स्वाराचा स्वतःचा असे, त्यामुळे साथीचा पहिला फटका स्वाराच्या घरालाच बसे. 1880 मध्ये माश्यांच्या चाव्यातून पसरणाऱ्या सर्रा रोगाचा जंतू घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात सापडला. 1889 मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी प्रयोगशाळा निघाली, तिथे सर्र्यावर काम झाले आणि 1893 मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. 1890 मध्ये धनुर्वाताच्या प्रतिविषाचा शोध लागला, त्याच सुमारास ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग ओळखण्यासाठी टोचायचे ‘मॅलिन’ तयार झाले आणि 1899 मध्ये ग्लँडर्स व फार्सी (त्याच रोगाचे कातडीवरचे रूप) कायदा आला. तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा होता. मराठवाडा ज्यात होता ते निजामाचे राज्य ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हते.

‘सुई’ या शब्दाचा गुंता याच दशकांत आहे. धनुर्वाताची सुईच पाहा. खुरात खिळा गेला की डॉक्टर जे तातडीने टोचतात ते बहुधा प्रतिविष असते. ते दुसऱ्या घोड्याच्या रक्तातून तयार केलेले, आयते संरक्षण असते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. 1920 च्या दशकात आलेले टॉक्सॉइड ही मात्र खरी लस आहे : चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि नंतर दरवर्षी एक. दोन्हींना गावात ‘धनुर्वाताची सुई’ म्हणतात, वहीतही तसेच लिहितात आणि प्रतिविष मिळालेला घोडा वर्षभर सुरक्षित समजला जातो. तिसरी सुई सर्र्याची. सर्र्यावर लस नाही. रक्त पिणाऱ्या माश्यांच्या हंगामाआधी जे देतात ते औषध असते आणि त्याचा असर काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतो. चौथी सुई सर्वांत फसवी, कारण ती उपचारही नव्हे आणि बचावही नव्हे. ग्लँडर्स तपासण्यासाठी खालच्या पापणीत मॅलिन टोचायचे आणि अठ्ठेचाळीस तासांनी सूज पाहायची, ही जुनी चाचणी. आता त्या जागी रक्ताचा नमुना तपासतात, तरी ‘ग्लँडर्सची लस झाली’ हे वाक्य ऐकू येतेच. ग्लँडर्सवर लस नाही, माणसासाठीही नाही आणि घोड्यासाठीही नाही. ‘तपासणी नकारात्मक’ या दाखल्याचा अर्थ नमुना घेतला त्या दिवसापुरता आहे. दुसऱ्याच आठवड्यात तो घोडा बाधित जनावराबरोबर एका हौदावर पाणी प्याला, तर त्या कागदाचा काही उपयोग नाही.

मी पाहिलेल्या एका टांगेवाल्याच्या वहीत ‘पोळ्यानंतर सुई मारली, 1’ एवढीच ओळ होती. कशाची, किती आणि पुढची कधी, हे काहीच नव्हते. त्याच वहीच्या मागच्या पानावर मात्र कोण्या शहाण्याने कुपीवरचे लेबल सोलून चिकटवले होते. त्यावर औषधाचे नाव, बॅच आणि मुदत वाचता येत होती. त्या पानावरची तेवढी एकच नोंद विश्वासाची.

2006 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत ग्लँडर्स पुन्हा आढळला. बाधित घोड्यावर उपचार न करता त्याला मारावे, हे धोरण 1899 पासूनचे आहे आणि रोग माणसालाही जडतो, त्यामुळे त्याला पर्याय दिसत नाही. परंतु ज्याचे पोट एका घोड्यावर आहे, तो नाकातून शेंबूड वाहताना पाहूनही दवाखान्यात का जात नाही, हे समजून घ्यायला हवे. भरपाई वेळेवर हातात पडेल अशी खात्री नसेल, तर तो रोग लपवणारच. 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने जुने ग्लँडर्स आणि डौरीन (घोड्यांचा समागमातून पसरणारा रोग) कायदे रद्द करून लसीकरणाचा दाखला व जनावराची ओळखखूण यांची तरतूद केली.

तरीही 2019 पासून गावोगाव जी मोठी लसीकरण मोहीम चालली, ती प्रामुख्याने लाळ्या-खुरकुताची. तो रोग घोड्याला होत नाही. त्यामुळे गाय-म्हशीच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आला आणि संगणकात तिची नोंद झाली. घोडा मात्र या मोहिमेच्या बाहेरच राहिला. त्याच वर्षीच्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे मिळून साधारण 3.4 लाख भरली. 2012 मध्ये ती सव्वासहा लाख होती.

बिल्ला नसला तरी घोडा ओळखता येतो. शर्यतीच्या आणि परदेशी जाणाऱ्या घोड्यांच्या ओळखपत्रावर घोड्याची रेखाकृती असते आणि तिच्यावर पांढरे पाय, कपाळावरचा टिळा व केसांचे भोवरे नेमक्या जागी काढलेले असतात. माळेगावचा दलाल देवमण शुभ आणि गोम अशुभ म्हणून हेच भोवरे पिढ्यान्‌पिढ्या वाचत आला आहे. शकुन बाजूला ठेवून तेच भोवरे त्याने वहीच्या पहिल्या पानावर काढले आणि खाली कुपीचे लेबल व तारीख चिकटवली, तर ती सुई कोणत्या घोड्याला दिली याविषयी वाद राहणार नाही.