विनाइल सिंगल काढताय? फाइल पाठवण्याआधी एवढं वाचा

आम्ही विनाइल तबकड्या कापून देतो. सात इंची, 45 आरपीएमची (मिनिटाला 45 फेऱ्यांची) सिंगल, म्हणजे दर बाजूला एकच गाणं असलेली छोटी तबकडी, काढणारे स्वतंत्र कलाकार वाढले आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण काम अडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. स्ट्रीमिंगवर चढवलेली मास्टर फाइलच, म्हणजे गाण्याची शेवटची पक्की फाइलच, आमच्याकडे येते. आम्ही ती परत पाठवतो, तुम्ही मिक्स करणाऱ्याला गाठता, तो दुसऱ्या कामात अडकलेला असतो आणि आठवडे निघून जातात. रिलीजची तारीख जाहीर करून बसलेले असाल, तर सगळ्यांचीच धावपळ.

ती फाइल लिमिटर (आवाजाची उंच टोकं दाबणारं साधन) लावून, दाबून मोठी केलेली असते. तबकडीवर मात्र आवाज म्हणजे खाचेची प्रत्यक्ष हालचाल. आवाज जितका मोठा आणि बेस जितका जड, तितकी खाच जास्त वळते आणि जागा खाते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाबलेलं गाणं मावत नाही, म्हणून आम्हाला एकूण पातळीच उतरवावी लागते. मोठं वाजावं म्हणून केलेला खटाटोप उलटा पडतो. बेस डावी-उजवीकडे पसरलेला असेल, तर खाच मध्येच उथळ होऊन सुई उडते. साधारण 150 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे डावी-उजवीकडे अगदी सारखं, ठेवा.

त्याहून नाजूक प्रकरण 'स', 'श' आणि 'च'चं. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 39 सेंटिमीटर खाच सरकते, बाजू संपता संपता जेमतेम 25. तेवढाच तपशील कमी जागेत कोरायचा, म्हणून शेवटच्या कडव्यातले चरचरीत 'स' फाटतात. असे 'स' मऊ करणारा डी-एसर आम्हीही लावू शकतो, पण तो पूर्ण गाण्यावर बसतो आणि टाळ-झांजाही बोथट करतो. मिक्समध्ये तो फक्त गायकाच्या ट्रॅकवर लावता येतो. ते काम तिथेच व्हावं हा आमचा आग्रह त्यासाठी आहे.

लांबीचं म्हणाल, तर एका बाजूला चार मिनिटांपर्यंत उत्तम, साडेचारनंतर तडजोड. जुन्या दहा इंची, 78 आरपीएमच्या तबकडीवर सव्वातीन मिनिटांच्या आसपासच जागा असे आणि भावगीतं त्यात बसली. सहा मिनिटांचंच गाणं हवं असेल, तर 33 आरपीएमवर किंवा मोठ्या आकारात काढू.

'आहे तशी कापा, आम्हाला चालेल,' असं काही जण म्हणतात. आम्हाला चालत नाही. प्रेसिंगच्या, म्हणजे साच्यातून बऱ्याच प्रती दाबून काढण्याच्या, कामात लॅकर (मऊ लेपाची मूळ तबकडी) कापून, त्यावर धातूचा थर चढवून स्टॅम्पर, म्हणजे तो साचा, तयार होतो. टेस्ट प्रेसिंगमध्ये (तपासणीसाठी काढलेल्या पहिल्या प्रतींमध्ये) दोष कळला, तर हा खर्च पुन्हा पहिल्यापासून, आणि तो तुमच्या खिशातून. थोड्या प्रती हव्या असतील, तर आम्ही लेथवर, म्हणजे खाच कोरणाऱ्या यंत्रावर, एकेक कापतो. चार-चार मिनिटांच्या दोन बाजू म्हणजे प्रत्येक प्रतीला नुसत्या कापणीची आठ मिनिटं. नगामागचा दर जास्त आहे तो त्यामुळे.

तरी हिशेब जुळतो. 2024पासून स्पॉटिफायवर मागच्या 12 महिन्यांत 1,000 स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. कार्यक्रम संपल्यावर टेबलावर विकलेल्या सिंगलचे पैसे त्याच रात्री तुमच्या हातात असतात, आणि घेणारा सही मागतो. शंभर प्रतींचं गणित आमच्याकडे बसून मांडा. आवाक्याबाहेर असेल, तर तसं सांगू.

दुसऱ्याचं गाणं नव्यानं गाऊन काढणार असाल, तर हक्कधारकाची लेखी परवानगी आधी आणा. परवानगीऐवजी रॉयल्टी भरून गाणं काढण्याची, कॉपीराइट कायद्याच्या 31-सी कलमाची वाट मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षांनी खुली होते खरी, पण तिथे एरवी दर गाण्यामागे वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी धरली जाते. छोट्या सिंगलला ती परवडत नाही.

पाठवायचं ते असं: लिमिटर न लावलेली 24 बिट वेव्ह फाइल, ए आणि बी बाजूची वेगळी, एमपी3 नको. मिक्स पक्कं करण्याआधी एकदा आम्हाला ऐकवा. त्याचे आम्ही पैसे घेत नाही.